लिव्हरवरचा हार

माझ्या थोरल्या भावाला डॉक्टरांनी सांगितलं, की यापुढे पाण्याने भरलेल्या बादलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. दादाने विचारलं, "बादली प्लास्टिकची का लोखंडी?" डॉक्टर हसले नाहीत. मणक्यातली गादी सरकलेली, उजवा खांदा आधीपासून धरलेला, कमरेला पट्टा; अशा अवस्थेत विनोद करणारा पेशंट डॉक्टरांना आवडत नसावा.

पुतण्या पुण्याहून मुद्दाम आला होता. दवाखान्याच्या जिन्यातच तो म्हणाला, "बाबा, बास झालं. बाग वाट्याने द्या आणि आमच्याकडे चला." पुतण्या नवव्या मजल्यावर राहतो. दादा तिथे आजवर दोनदा राहायला गेला आणि दोन्ही वेळा चौथ्या दिवशी परत आला. का, असं विचारलं तर 'पाणी मानवत नाही' एवढंच सांगतो.

वणी रस्त्याला आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. आमची म्हणजे कागदावर दोघांची, प्रत्यक्षात दादाची. मी पंचवटीत राहतो, आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं दिली-घेतली, आणि बागेत माझं काम चहा पिणे आणि औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचून दाखवणे. द्राक्षात उचलण्याला अंत नाही. छाटणीआधी ओळींमधल्या चरांत शेणखत, मग खताच्या गोण्या, शेवटी मालाचे क्रेट. पेठकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या आता मोठ्या बागांनाच पुरत नाहीत, दोन एकरवाल्याकडे कोण येतं? दादा आणि वहिनी दोघांनीच ते सगळं ओढत आणलेलं.

दादाने त्यावर एक तोड काढली. वेलींच्या ओळीतून जातो तो छोटा ट्रॅक्टर आमच्याकडे होताच. त्याच्या तोंडाला लोखंडी बकेट बसवायची, तेलाच्या दाबावर वर-खाली होणारी. माणसाने नुसती लिव्हर हलवायची, वजन यंत्राने उचलायचं. मोठ्या ट्रॅक्टरला असा लोडर तयार मिळतो. आमच्या या खेळण्याएवढ्या ट्रॅक्टरला मिळत नाही, तो बनवून घ्यावा लागतो.

पुतण्या तयार झाला, पण त्याने मुदत घातली. "दसऱ्यापर्यंत. दसऱ्याला मी येईन, स्वतः बघेन. चाललं तर चाललं. नाही तर माझ्याबरोबर गाडीत बसायचं. कबूल?"

"कबूल," दादा म्हणाला. असा चटकन कबूल होणारा दादा मी पहिल्यांदा पाहिला आणि घाबरलो.

बनवणारा माणूस अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सापडला. एका कारखान्यात तो फोरमन होता, तिथून निवृत्त होऊन त्याने एका शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलेलं. सगळे त्याला फोरमनच म्हणत. मूळचा बागलाणचा, बोलायला कमी, आणि घाईत आला की गावाकडची बोली बोलणारा. त्याच्याकडे पाटी नव्हती. ज्याच्या दुकानाला पाटी नाही त्याच्यावर माझा उगीचच विश्वास बसतो.

त्याने ट्रॅक्टरभोवती दोनदा फेरी मारली, पुढच्या चाकांवर पाय देऊन पाहिलं आणि म्हणाला, "पुढं वजन टाकलं तर मागं तेवढंच लागंल. न्हाय तर मागनं उचलंल, लाथ मारणाऱ्या घोड्यासारखा."

तीन आठवडे ट्रॅक्टर त्याच्या शेडमध्ये होता आणि मी बहुतेक रोज तिथे. दादा प्रवास करू शकत नव्हता, म्हणून निरीक्षक म्हणून मला नेमलेलं. इंजिनाच्या पुढच्या टोकाला पंप बसला. सीटखाली तेलाची टाकी आली. दोन्ही बाजूंना लोखंडी हात आणि त्यांना ढकलणारे दोन जॅक. मधे सगळीकडे काळे जाड होज पाईप. उघडं पोट पाहावं तसं वाटायचं. पहिल्या चाचणीला एका जोडातून तेलाची चिळकांडी उडाली ती थेट शेडच्या पत्र्यावर. फोरमनने मला मागे ओढलं. "तिथं हात लावायचा न्हाय. कातडीतून आत जातं ते." मी त्या दिवशी चहा न घेता घरी आलो.

पण माणूस पक्का होता. दादाचा खांदा वर जात नाही हे कळल्यावर त्याने लिव्हर उजव्या गुडघ्याजवळ आडवी बसवली. खाली दाबली की बकेट खाली, वर उचलली की वर. दादाच्या हाताला ती जड जाईल म्हणून आतली स्प्रिंग बदलून हलकी घातली. आणि मला, म्हणजे लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला, समोर बसवून तीन गोष्टी सांगितल्या. मी त्या पुठ्ठ्यावर लिहून घेतल्या.

एक, बकेट वर ठेवून खाली कोणी जायचं नाही. जायचंच असेल तर आधी टेकू. टेकू म्हणजे लाल रंग दिलेला लोखंडी चॅनलचा तुकडा, तो जॅकच्या दांड्यावर बसवला की बकेट खाली येऊच शकत नाही. दोन, इंजिन बंद असलं तरी बकेट खाली येऊ शकते. वर मात्र जात नाही.

"आणि तिसरं," तो म्हणाला, "काय करावं सुधरलं न्हाय, तर काहीच करायचं न्हाय. हात सोडायचा. हात सोडला की लिव्हर आपोआप मधी येते, बकेट जिथल्या तिथं थांबते. लोक घाबरले की जास्त जोरात धरत्यात. त्यातच मरत्यात."

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी ट्रॅक्टर घरी आला. दादाने पहिल्या फेरीत शेणखताची बकेट भरली, उचलली, चरात ओतली. एकट्याने. पट्टा बांधलेल्या कमरेने. खाली उतरून तो वहिनीला म्हणाला, "पुण्याचं पाणी नाय लागायचं आता." वहिनीने पदर तोंडाला लावला आणि घरात गेली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण खंडेनवमीला अवजारांची पूजा असते, नवं अवजार आलेलं, आणि गावच्या सोसायटीच्या चेअरमनला ही बातमी कोणीतरी सांगितली. चेअरमनला उद्घाटनाची आवड आहे. गावात बोअरला पाणी लागलं तरी तो त्याचं लोकार्पण करतो. त्याने निरोप पाठवला: पूजेला येतो, मांडव-स्पीकर माझा. दादाला नाही म्हणता आलं नाही. मला आलं असतं, पण मला कोणी विचारलं नाही.

खंडेनवमीला सकाळी मी पोचलो तेव्हा अंगणात मांडव होता, वीस-पंचवीस खुर्च्या होत्या, आणि ट्रॅक्टरच्या उचललेल्या बकेटवरून जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत लोंबणारा फ्लेक्स होता. 'भव्य हायड्रॉलिक लोडर लोकार्पण सोहळा'. त्याखाली चेअरमनचा फोटो, जवळजवळ ट्रॅक्टरच्याच मापाचा. त्याखाली तारीख. सर्वांत खाली 'विनीत' म्हणून आम्हा दोघा भावांची नावं, मुंगीएवढ्या अक्षरात. फ्लेक्स दिसावा म्हणून बकेट वर, आणि माइक ऐकू यावा म्हणून इंजिन बंद.

पुतण्या रात्रीच आला होता. हाताची घडी घालून तो बाजूला उभा होता. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुठल्याही गोष्टीकडे ती कधी बंद पडेल या नजरेने बघतो.

"काका, हे सर्टिफाइड आहे का?" त्याने विचारलं.

"फोरमन आहे," मी म्हणालो.

फोरमन मांडवाच्या कडेला उभा होता. धुतलेला शर्ट, हातात टोपी. त्याला खुर्ची कोणी दिली नव्हती. मला बघून तो जवळ आला. "टेकू कुठंय? लाल?"

मला माहीत नव्हतं. दादाला विचारलं, त्यालाही नव्हतं. "बगतो," म्हणून फोरमन गोठ्याच्या बाजूला शोधायला गेला. तेवढ्यात चेअरमनची गाडी आली आणि टेकूचा विषय मागे पडला.

चेअरमनला हार घालण्यात आला. झेंडू आणि शेवंतीचा, कमरेपर्यंत येणारा, पाणी मारून ताजा ठेवलेला. आपल्याकडे पाहुणा हार गळ्यात फार वेळ ठेवत नाही. फोटो निघाला की लगेच काढून शेजारच्याच्या हातात देतो; ठेवला तर हावरा दिसतो. शेजारी मी होतो. चांगला तीन-चार किलोंचा ओला ऐवज माझ्या हातात आला आणि चेअरमन माइककडे वळला.

आता हार जमिनीवर ठेवायचा नसतो. कोणी सांगितलेलं नाही, पण नसतो. टेबलावर पूजेचं सामान होतं, खुर्च्या भरलेल्या, स्टिअरिंगला आधीच दुसरा हार. माझ्या शर्टाला पाणी लागत होतं आणि मला या सगळ्यातून लवकर सुटायचं होतं. मी ट्रॅक्टरच्या उजव्या बाजूला गेलो, हाताशी जे पुढे आलेलं दिसलं त्याला हार अडकवला आणि पुढच्या रांगेत जाऊन बसलो.

चेअरमन बोलू लागला. हायड्रॉलिक या शब्दावर तो दोनदा अडला, मग त्याने तो सोडून दिला आणि 'तंत्रज्ञान' धरलं. माझी जुनी सवय अशी, की कोणी भाषण करू लागलं की मी आसपास छापलेलं जे असेल ते वाचतो. तिथे वाचण्यासारखा फक्त फ्लेक्स होता. मी खालून वर वाचू लागलो, कारण तळाशी स्वतःचं नाव होतं.

नाव दिसेना. 'विनीत'ची ओळ गवतात टेकली होती.

वारा असेल, असं मला वाटलं. चेअरमन म्हणाला, "आमच्या काळात आम्ही पाठीवर वाहिलं." मी पुन्हा पाहिलं. आता तारखेची ओळ अर्धी गवतात होती. वारा फ्लेक्स हलवतो, खाली आणत नाही.

दादा कुठे होता? वहिनी ट्रॅक्टरच्या डाव्या अंगाला आरतीचं तबक घेऊन उभी होती आणि खाली बघत होती, चाकाकडे. मग मला समजलं. नव्या वाहनाच्या चाकांखाली लिंबं ठेवतात. भाषण संपलं की चेअरमन ट्रॅक्टर सुरू करून ती लिंबं चिरडणार होता. ती ठेवायला दादा पुढच्या चाकांशी वाकला होता, बरोबर बकेटच्या खाली, फ्लेक्सच्या पाठीमागे, जिथे तो मांडवातल्या कोणालाही दिसत नव्हता. फ्लेक्सच्या बाजूच्या कडेपलीकडून त्याच्या चपलांचे तळ तेवढे दिसत होते. आणि एकदा खाली बसलेला दादा कोणी हात दिल्याशिवाय उठू शकत नाही.

फोटोतली चेअरमनची हनुवटी जमिनीला लागली. मी उठलो.

दहा पावलं असतील. मधे खुर्च्या, त्यात माणसं, आणि माझं वय. मी ओरडलो, पण काय ओरडलो ते स्पीकरपुढे कोणालाच ऐकू गेलं नाही. ऐकणाऱ्यांना वाटलं मी घोषणा देतोय, दोघांनी टाळ्या वाजवल्या. ट्रॅक्टरशी पोचलो तेव्हा लिव्हर माझ्यासमोर होती. तिच्यावर हार. हाराच्या वजनाने ती खाली वाकलेली, जेमतेम दोन बोटं, आणि तेवढ्याने ती सगळी लोखंडी बकेट आवाज न करता उतरत होती.

माझा हात लिव्हर धरून वर खेचायला निघाला. वर उचलली की वर. पण इंजिन बंद होतं. बंद असताना वर जात नाही. मग खेचली तर काय होईल? दुसऱ्या ओळीत मी काय लिहिलं होतं? पुठ्ठा घरात, देव्हाऱ्याशेजारी, खिळ्याला टांगलेला. हात हवेत तसाच. पलीकडून दादाचा आवाज आला, वैतागलेला, "कोण टेकलंय रे पाठीवर?"

काय करावं सुधरलं नाही, तर हात सोडायचा. पण माझा हात लिव्हरवर नव्हताच. हार होता.

मी हार उचलला. लिव्हर टक करून मधे आली. बकेट थांबली.

"दादा, हलू नको!"

"हलू कुठं? चेंगारलोय ना."

बकेटची खालची कड त्याच्या कमरेच्या पट्ट्यावर टेकली होती. टेकली होती, रुतली नव्हती. तो दोन्ही हात जमिनीवर टेकून ओणवा होता. वहिनीच्या हातातलं तबक पडलं. पुतण्या धावत आला आणि फ्लेक्स फाडून आत शिरला.

त्याच वेळी चेअरमनचा आवाज एका शब्दाच्या मधे तुटला आणि मोठा धडाका झाला. मांडववाल्याने खडबडीत जमिनीवर स्पीकर सरळ उभा राहावा म्हणून त्याखाली एक लोखंडी तुकडा सरकवला होता. लाल. फोरमनला तो दिसला होता, आणि त्याने परवानगी न विचारता ओढून काढला होता.

फोरमन आला, टेकू बकेटखाली उभा ठोकला, वर चढून सीटवर बसला. "इंजिन चालू करावं लागंल," तो म्हणाला. "मंग वर घेतो."

"हात लावायचा नाही!" पुतण्या ओरडला. "बाबा खाली आहेत! क्रेन बोलवा."

"क्रेन येस्तोवर त्यांची कंबर जाईल, साहेब."

"तुमच्यामुळेच झालंय हे! हात लावू नका म्हणतोय ना!"

 फोरमनने किल्लीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग खालून दादाचा आवाज आला, आता बारीक, दम लागलेला.

"फोरमनला बसू दे. तो सांगंल तसं."

इंजिन सुरू झालं तेव्हा सगळा ट्रॅक्टर थरथरला. मी त्या थरथरीकडे बघत होतो, हातात हार घेऊन. फोरमनने दोन बोटांनी लिव्हर वर घेतली. कड पट्ट्यावरून सुटली. वीतभर. हातभर. टेकू आडवा पडला. पुतण्याने आणि वहिनीने दादाला काखेत धरून ओढलं. बाहेर आल्यावर त्याने मूठ उघडली, तिच्यात एक लिंबू होतं, पिळून निघालेलं.

त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. पाय हलत होते, बोटं हलत होती. पट्ट्यावर एक आडवा चरा, एवढंच.

पुतण्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. "संपलं," तो म्हणाला. "बाबा, आजच निघायचं. हे लोकल काम. शेडमध्ये जोडलेलं. मी आधीच बोललो होतो."

फोरमनने लिव्हर एकदा हलवून पाहिली. "स्प्रिंग मीच हलकी घातली होती," तो हळू म्हणाला. "कामात खोट न्हाय. काम पक्कं शे. पण स्प्रिंग मी घातली."

चेअरमन म्हणाला, की देवाची कृपा, आणि अशा यंत्रांबाबत सोसायटीने काहीतरी धोरण ठरवायला पाहिजे.

 दादा ट्रॅक्टरकडे बघत होता, आणि त्या बघण्यात नववा मजला मला स्पष्ट दिसला. त्याने शब्द दिला होता. यंत्र चाललं नाही, असं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

हार अजून माझ्या हातात होता आणि कोणीही मला विचारत नव्हतं, की तो का. मी जर तो शांतपणे वहिनीकडे दिला असता, तर ती गोष्ट तिथेच मिटली असती. असं मनात आलं हे लिहायला हवं. दोन-तीन सेकंद आलं.

"हार मी अडकवला," मी म्हणालो.

"काय?"

"लिव्हरला. चेअरमननी हातात दिला, मी तिथे अडकवला. त्याच्या वजनाने लिव्हर दबली. स्प्रिंग नाही, फोरमन नाही. मी."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. दादाने विचारलं, "लिव्हरला? कशापायी?"

"जमिनीवर ठेवायचा नसतो म्हणून."

"तू?" दादा म्हणाला. "तू तर मला शिकवतोस, ह्या रीतीभातीत काही नसतं म्हणून."

 मी या सगळ्या थाटाला हसत होतो, आणि हसणाऱ्याचं हाताकडे लक्ष नव्हतं. पुठ्ठ्यावरचे नियम माझ्याच अक्षरात होते.

पुतण्या आला, त्याने माझ्या हातातून हार घेतला. मला वाटलं फेकून देईल. त्याने सगळ्यांना मागे सारलं, दोनदा वाकून बकेटखाली कोणी नाही हे बघितलं, फोरमनला बकेट पूर्ण वर घ्यायला आणि इंजिन बंद करायला लावलं. मग लिव्हर नुसतीच ठेवून घड्याळात बघत उभा राहिला. बकेट हलली नाही. मग त्याने हार अडकवला. बकेट उतरू लागली. हार काढला, थांबली. परत अडकवला, उतरू लागली. काढला, थांबली. असं त्याने किती वेळा केलं कोण जाणे. लोक उठून जायला लागले, चेअरमनची गाडी गेली, तरी तो करत होता. 

शेवटी तो फोरमनला म्हणाला, "लिव्हर अडकवून ठेवता येईल असं काही?"

"खिट्टी करून देतो. सोडल्याबिगर हलायची न्हाय."

"आणि तो लाल टेकू साखळीने बांधा. ट्रॅक्टरलाच."

"बांधतो." फोरमनने टोपी डोक्यावर ठेवली. "तुमी बोलला ते राहू द्या, साहेब. बापच होता खाली."

पुतण्याने मान हलवली. दादाकडे तो बराच वेळ बघायला धजला नाही. "खिट्टी बसेपर्यंत चालवायचा नाही," तो म्हणाला. ती परवानगी होती, तशी दिली मात्र नाही.

खिट्टी दसऱ्यानंतर चार दिवसांनी बसली. पुतण्या तोवर थांबला, रजा वाढवून. पहिली बकेट शेणखताची भरली तेव्हा वहिनीने गोठ्याच्या खुंटीवर वाळत टांगलेला तो हार आणला आणि खतावर टाकला. जमिनीवर कोणी ठेवला नाही. तो चरात गेला.

छाटणी वेळेवर झाली. मी अजून आठवड्यातून एकदा जातो, बाटल्यांवरची अक्षरं वाचून दाखवतो. दादा लिव्हरची खिट्टी काढण्याआधी दर वेळी थांबतो, मी कुठे आहे ते मान वळवून बघतो, आणि ओळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं विचारतो, "ग्रंथपाल, हात रिकामे हायेत ना?"

मी दोन्ही हात वर करून दाखवतो. मगच बकेट हलते.